यंत्राला विचारलेले प्रश्न

परीक्षण म्हटलं की आपल्याला पुस्तक आठवतं, फार तर एखादा प्रयोगसंच. आम्ही इथे ज्या मजकुराचं परीक्षण करणार आहोत, तो कुणी वाचावा म्हणून लिहिलेलाच नाही. तो यंत्रानं वाचायचा असतो. माणसानं तो सुरू करून द्यायचा आणि पडद्यावरून सरसर वर जाणाऱ्या ओळींकडे बघत चहा प्यायचा, अशी रीत आहे. आम्हीही कित्येक वर्षं तेच केलं. मग एका सोळा वर्षांच्या मुलीनं एक प्रश्न विचारला आणि तो मजकूर उघडून वाचणं आम्हाला भाग पडलं. वाचल्यावर वाटलं, विज्ञान शिकवणाऱ्यांनी त्याकडे एकदा तरी बघायला हवं. त्यात कौतुक करण्यासारखं पुष्कळ आहे आणि तक्रार करण्यासारखंही आहे.

या मजकुराचं नाव ‘कॉन्फिगर’. ईमॅक्स नावाच्या टेक्स्ट एडिटरबरोबर तो येतो. टेक्स्ट एडिटर म्हणजे नुसता मजकूर लिहायचा, दुरुस्त करायचा आणि साठवायचा प्रोग्राम. पानाला चौकट घालणं, मथळा रंगवणं असली सजावट त्याच्याकडून कुणी मागत नाही. प्रोग्राम लिहिणारे आणि आमच्यासारखे संशोधन करणारे लोक दिवसातले कितीतरी तास एडिटरमध्येच असतात. ईमॅक्स बराच जुना. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८४ मध्ये लिहायला घेतला आणि १९८५ पासून तो लोकांना मिळू लागला. त्याचा सोर्स कोड, म्हणजे माणसानं लिहिलेला मूळ प्रोग्राम, सर्वांना खुला आहे. तो आपल्या यंत्रावर आणायचा, कंपायलरकडून यंत्राच्या भाषेत उतरवून घ्यायचा, की एडिटर तयार.

अडचण इथेच येते. यंत्र सारखं असलं तरी त्यावरची ऑपरेटिंग सिस्टिम सारखी असेलच असं नाही. ओळ संपल्याची खूण युनिक्समध्ये एक चिन्ह, डॉसमध्ये दोन चिन्हं, जुन्या मॅकिन्टॉशवर आणखी तिसरंच चिन्ह. फाइलच्या नावात लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी धरायची की एकच, यावरही मतभेद. एखादं काम करून देणारं फंक्शन एका सिस्टिमवर तयार मिळतं, दुसरीवर मिळतच नाही, तिसरीवर मिळतं पण ते थोडं निराळं वागतं. तेव्हा सोर्स कोड कंपायलरच्या हवाली करण्याआधी तो त्या त्या सिस्टिमशी जुळवून घ्यावा लागतो. या जुळवणीलाच कॉन्फिगर करणं म्हणतात.

जुळवायचं कसं? आपल्या वर्गात सातवीला नवीन मुलगा आला, अशी कल्पना करा. त्याला काय येतं हे दोन तऱ्हांनी ठरवता येईल. दाखल्यावरचं आधीच्या शाळेचं नाव बघायचं, ‘अरे वा, त्या शाळेतून आला म्हणजे अपूर्णांक पक्के असणार’ असं समजायचं आणि पुढे जायचं. नाही तर त्याच्यापुढे चार गणितं ठेवायची.

ईमॅक्सनं सुरुवातीला दाखला बघायचा मार्ग धरला. १९८० च्या दशकातल्या अठराव्या आवृत्तीत नमुन्याची एक फाइल असे. तिची नक्कल करायची आणि दोन ओळी आपल्या हातानं बदलायच्या. एका ओळीत आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या माहितीच्या फाइलचं नाव, दुसरीत आपल्या यंत्राच्या. सिस्टिमच्या फाइलींची नावं ‘एस’नं सुरू होत, यंत्राच्या ‘एम’नं. बर्कलेचं युनिक्स असेल तर ही, एटी अँड टीचं असेल तर ती. प्रत्येक फाइलीत त्या सिस्टिमच्या खोडी नोंदवलेल्या. कुणीतरी ते यंत्र वापरलं, ठेचा खाल्ल्या आणि पुढच्या माणसासाठी लिहून ठेवलं. या फाइली वाचायला आम्हाला अजून आवडतात. जुन्या यंत्रांच्या त्या जन्मपत्रिकाच आहेत.

पण पत्रिकेचा जो दोष तोच यांचाही. पुढच्या वर्षी उत्पादक तीच सिस्टिम त्याच नावानं विकत असे, मात्र आतली चार फंक्शनं बदललेली असत. शिवाय नवी यंत्रं येतच राहत, आणि ज्याच्या यंत्राचं नाव यादीत नाही त्यानं करायचं काय? ‘त्यातल्या त्यात जवळचं निवडा’ एवढंच उत्तर होतं. शाळेच्या प्रयोगशाळेत चिठ्ठीवर ‘मीठ’ लिहिलेली बाटली असते, पण आत काय आहे ते सिल्व्हर नायट्रेट टाकल्यावरच कळतं. ही गोष्ट आपण आठवी-नववीच्या मुलांना शिकवतो. प्रोग्राम लिहिणारे मात्र बरीच वर्षं चिठ्ठीवर विसंबून होते.

१९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी ऑटोकॉन्फ नावाचं साधन लिहायला घेतलं आणि विचाराची दिशा बदलली. यंत्राला नाव विचारू नका, त्याच्यावर प्रयोग करा. ऑटोकॉन्फ स्वतः काहीच तपासत नाही, तो तपासणारा मजकूर तयार करून देतो. तोच आपला ‘कॉन्फिगर’. हा मजकूर एक इवलासा सी प्रोग्राम लिहितो, त्यात हवं ते फंक्शन वापरतो आणि कंपायलरला देतो. कंपायलरनं मुकाट्यानं घेतला तर उत्तर ‘हो’. त्यानं कुरकुर केली तर ‘नाही’. मग पुढचा प्रश्न. असे शेकडो प्रश्न विचारून झाले की सगळी उत्तरं एका फाइलीत लिहिली जातात आणि ईमॅक्सचा सोर्स कोड ती फाइल बघून आपलं वागणं ठरवतो. फंक्शन असेल तर ते वापरायचं, नसेल तर आपलं बरोबर आणलेलं काढायचं. जुन्या ‘एस’ आणि ‘एम’ फाइली यानंतरही बरीच वर्षं सोबत राहिल्या. त्या हळूहळू रोडावत २०१२ च्या सुमाराला पूर्णपणे निघाल्या.

परीक्षणकर्त्यानं आधी गुण सांगावेत. या मजकुराचा आम्हाला सर्वांत भावलेला गुण म्हणजे त्याची प्रयोगवही. कॉन्फिगर चालून झाला की ‘कॉन्फिग डॉट लॉग’ नावाची फाइल मागे राहते. जो प्रयोग फसला त्याचा पूर्ण सी प्रोग्राम, कंपायलरला दिलेली आज्ञा आणि कंपायलरनं केलेली तक्रार, सगळं तिच्यात जसंच्या तसं असतं. आपल्याकडे प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये फसलेला प्रयोग लिहायची पद्धत नाही. उत्तर आधीच ठाऊक असतं आणि निरीक्षणं त्याला साजेशी उतरवली जातात. या वहीत उलट आहे. यशाची नोंद एका शब्दात, अपयशाची सविस्तर.

दुसरा गुण नम्रतेचा. हा मजकूर युनिक्सच्या शेलच्या भाषेत आहे, आणि तीही अगदी जुन्या, बाळबोध वळणाची. दोन शब्द सारखे आहेत का हे तपासताना दोन्हींच्या आधी उगाचच एक ‘एक्स’ चिकटवलेला दिसतो. एखादा शब्द रिकामा निघाला किंवा आडव्या रेघेनं सुरू झाला तर काही जुने शेल गोंधळत, म्हणून ही काळजी. ज्या यंत्रावर आपण जाणार आहोत त्याची परिस्थिती ठाऊक नाही, तेव्हा कमीत कमी गृहीत धरायचं. डॉसवर तर शेलही नव्हता. तिथे ईमॅक्स नेणाऱ्यांनी प्रश्न विचारायचा नाद सोडला आणि उत्तरांची फाइल शोध-बदल करणाऱ्या एका छोट्या प्रोग्रामकडून भरून घेतली. डॉस हा एकच गडी असल्यामुळे त्याची उत्तरं आधीच माहीत होती.

या काळजीला दुसरी बाजूही आहे. जगात सगळीकडे मिळू लागलेल्या गोष्टींचीही विचारपूस हा मजकूर वर्षानुवर्षं करत राहिला. सी भाषेच्या प्रमाणित हेडर फाइली आहेत का, हा प्रश्न १९९१ मध्ये रास्त होता. २०१५ मध्ये तो विचारणं म्हणजे पुणे स्टेशनवर उतरून ‘इथे वीज आली का हो?’ असं विचारणं. ऑटोकॉन्फची २.६९ ही आवृत्ती २०१२ मध्ये आली आणि तिच्यानंतरची २०२० च्या डिसेंबरात. आठ वर्षांत प्रश्नपत्रिकेला कुणी हात लावला नाही. शिक्षकांना हे ओळखीचं वाटेल.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुण्यात अकरावी-बारावीची काही मुलं आणि तीन शिक्षक यांच्याबरोबर दोन दिवस बसलो होतो. समोर दोन जुनी यंत्रं होती. एकावर लिनक्सची डेबियन आवृत्ती, दुसऱ्यावर फ्रीबीएसडी. दोन्ही युनिक्सच्या गोतातल्या, पण सख्ख्या नव्हेत. ईमॅक्सच्या २९व्या आवृत्तीचा एकच सोर्स कोड दोन्हींवर जुळवून, कंपाइल करून दाखवायचा, असा बेत होता. यंत्रं जुनी, म्हणून जड खिडक्या नकोत. ‘ल्युसिड’ नावाचा जुना हलका संच वापर, असं आम्ही कॉन्फिगरला सांगितलं होतं. मराठी दिसावी म्हणून लोहित या देवनागरी टंकाची तीच फाइल दोन्ही यंत्रांवर आपल्या हातानं ठेवली होती. लोहित २००४ मध्ये रेड हॅट कंपनीनं सर्वांसाठी खुला केला. भारतीय भाषांवरचं या कंपनीचं बरंचसं काम तिच्या पुण्यातल्या कार्यालयात झालं आहे. म्हणून मुलांना तो घरचा वाटला.

फ्रीबीएसडीवर गाडी लगेच अडली. तिथला ‘मेक’ हा प्रोग्राम वेगळ्या घराण्याचा आहे. ईमॅक्सला ग्नू घराण्याचा लागतो आणि तो तिथे ‘जीमेक’ नावानं वेगळा बसवावा लागतो. डेबियनवर निराळंच. कॉन्फिगर मध्येच थांबला आणि म्हणाला, आवश्यक लायब्ररी सापडत नाहीत. गिफ चित्रं दाखवणारी एक, टिफ चित्रं दाखवणारी एक. त्या नको असतील तर तसं स्पष्ट सांगा, तरच पुढे जाईन. हे थांबणं आम्हाला आवडलं. लायब्ररी बसवल्या आणि कॉन्फिगर पुन्हा चालवला. या खेपेला तो शेवटपर्यंत गेला. मग कंपायलर कामाला लागला आणि आम्ही चहाला गेलो.

परत आल्यावर दोन्हींवर ईमॅक्स उघडला. त्याच्यात ‘हॅलो’ नावाची एक गमतीची फाइल असते. जगातल्या अनेक भाषांमधले नमस्कार तिच्यात एकाखाली एक लिहिलेले असतात. सगळ्या लिपी नीट दिसतात का हे तपासायला ती फार सोयीची. फ्रीबीएसडीवर हिंदीची ओळ स्वच्छ दिसली. मुलांनी तिथेच ‘विद्यार्थी’ लिहून बघितलं, तेही बरोबर. डेबियनवर मात्र त्याच शब्दाची दैना उडाली. ऱ्हस्व वेलांटी ‘व’च्या पुढे न येता मागे जाऊन बसली, ‘द’चा पाय मोडून ‘य’ वेगळा पडला, आणि ‘थ’वरचा रफार खाली उतरून नुसता पाय मोडलेला ‘र’ झाला. टंक तोच, सोर्स कोड तोच. परकी म्हणून ज्या सिस्टिमची आम्ही धास्ती घेतली होती तिथे मराठी ठीक आणि रोजच्या ओळखीच्या सिस्टिमवर मोडलेली.

कारण काय असेल यावर मुलांनी तर्क केले. टंक खराब असेल? पण तो दोन्हीकडे एकच होता. डेबियनला मराठी येत नसेल? एकानं शेजारीच फायरफॉक्स उघडून मराठी वर्तमानपत्राचं पान दाखवलं, अक्षर न् अक्षर जागेवर. म्हणजे टंकही निर्दोष आणि यंत्रही. दोष जुळवणीत. मग आम्ही कॉन्फिगरनं शेवटी छापलेला गोषवारा वर सरकवून पाहिला. ईमॅक्स अमुक वापरणार का, तमुक वापरणार का, अशी लांबलचक यादी होती. तिच्यात मधेच एक ओळ: हार्फबझ वापरणार का? नाही.

हार्फबझ काय करतं ते सांगायला हवं. युनिकोडमध्ये ‘विद्यार्थी’ हा शब्द साठवताना ‘व’, वेलांटी, ‘द’, हलन्त, ‘य’, काना, ‘र’, हलन्त, ‘थ’, दुसरी वेलांटी अशा उच्चाराच्या क्रमानं खुणा ठेवल्या जातात. या दहा खुणा पाहून कोणती आकृती कुठे बसवायची, वेलांटी कुणाच्या आधी काढायची, रफार कुणाच्या डोक्यावर चढवायचा, हे टंकातल्या नियमांनुसार कुणीतरी ठरवावं लागतं. इंग्रजीचं या कामावाचून बहुतेक अडत नाही. देवनागरीचं पहिल्या शब्दालाच अडतं. हे काम करणारी लायब्ररी म्हणजे हार्फबझ. ईमॅक्सनं ती २०२० च्या २७व्या आवृत्तीपासून घेतली. त्याआधी याच कामासाठी त्याच्यात दुसऱ्या लायब्ररींची सोय होती.

गोषवाऱ्याकडे बघून त्या मुलीनं विचारलं, “सर, गिफ नाही मिळालं तर तो थांबला. मराठी नाही मिळाली तर का नाही थांबला?”

आम्ही काहीतरी उत्तर दिलं. हार्फबझ ऐच्छिक आहे, गिफ आवश्यक मानलं आहे, वगैरे. तिचं समाधान झालं नाही, आणि संध्याकाळी घरी आल्यावर आमचंही होईना. म्हणून तो मजकूर वाचला. त्यात कंपायलरला नाही, माणसाला कळेल असा एक भेद केलेला आहे. काही लायब्ररी सापडल्या नाहीत तर त्यांची नावं ‘हरवलेल्या’ म्हणून गोळा होतात आणि शेवटी काम थांबतं. चित्रांच्या लायब्ररी तिथे आहेत, इंटरनेटवरच्या सुरक्षित संभाषणाची एक लायब्ररीही आहे. हार्फबझ त्या यादीत नाही. ते सापडलं नाही तर फार तर एक सूचना छापली जाते, ‘बसवलंत तर बरं’ अशा सुराची, आणि काम पुढे जातं. आमच्याही पडद्यावर ती सूचना आली होती. आम्ही चहाच्या घाईत होतो. ही चूक आमची, ती मजकुरावर ढकलता येणार नाही.

तरीही यादी कुणीतरी केलेली आहे. काय नसलं तर एडिटर अपुरा, आणि काय नसलं तरी चालेल, हे प्रयोगानं ठरत नाही, माणूस ठरवतो. आपला वाचक म्हणून त्याच्या डोळ्यांपुढे कोण होतं, ते तिथे उमटतं. ज्याला एडिटरमध्ये हलणारी गिफ चित्रं बघायची आहेत तो डोळ्यांपुढे होता. ज्याला ‘विद्यार्थी’ लिहायचं आहे तो अगदीच नव्हता असं नाही, पण तो मागच्या बाकावर होता. हे दुष्टपणानं झालेलं नाही. ईमॅक्सच्या लोकांनी अनेक लिपींसाठी जेवढे कष्ट घेतले तेवढे फार थोड्या एडिटरांनी घेतले असतील. १९९७ च्या विसाव्या आवृत्तीतच जपानमधल्या त्सुकुबा इथे तयार झालेलं बहुभाषिक काम त्यात समाविष्ट झालं होतं. तीच मंडळी ‘हॅलो’ची फाइल सोबत देतात. नमस्काराची फाइल देणाऱ्यांनी तो नमस्कार मोडका दिसेल हे आधी मोठ्यानं सांगावं, एवढीच अपेक्षा.

यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो आम्हाला पटतो. जे नाही त्याच्यावाचून निभावून नेणं हाच तर या सगळ्या जुळवणीचा हेतू. प्रत्येक लायब्ररीसाठी अडून बसलं तर लहान यंत्रांवर एडिटर पोचणारच नाही. फक्त टर्मिनलमध्ये चालणाऱ्या ईमॅक्सला हार्फबझचा उपयोगही नाही. खरं आहे. पण मग तोच न्याय गिफला का नको?

दुसरी तक्रार अधिक खोल आहे. हार्फबझ ‘नाही’ असं कॉन्फिगरनं ठरवलं कशावरून? हार्फबझ डेबियनवर होतंच. आम्ही दुसऱ्या दिवशी मुलांना प्रयोगवही उघडून दाखवली. तिथे या प्रश्नापुढे कुठलाही सी प्रोग्राम नव्हता. हार्फबझच्या नावाची, ‘पीसी’ शेपटीची एक फाइल सापडली नाही, एवढीच नोंद होती. ही फाइल म्हणजे लायब्ररीचा दाखला. लायब्ररी कुठे आहे, कोणत्या आवृत्तीची आहे, हे तिच्यात लिहिलेलं असतं. म्हणजे ज्या मजकुराचा जन्म ‘दाखला बघू नका, गणित घाला’ या विचारातून झाला, तो हळूच पुन्हा दाखला मागू लागला होता.

हा बदल का झाला ते समजण्यासारखं आहे. लायब्ररी शेकडो झाल्या, प्रत्येकीची जागा वेगळी, प्रत्येकीवर प्रयोग करायचा तर वेळ जातो. डेबियनवर आणखी एक रिवाज आहे. लायब्ररी एका गठ्ठ्यात येते. तिचा वापर करून नवे प्रोग्राम बांधायला लागणाऱ्या हेडर फाइली आणि तो दाखला दुसऱ्या गठ्ठ्यात. ब्राउझरला पहिला गठ्ठा पुरतो, म्हणून तोच आपसूक आलेला होता. फ्रीबीएसडीवर अशी वाटणी नाही, सगळं एकाच गठ्ठ्यात, म्हणून तिथे विनासायास ‘हो’ मिळालं. हेडर फाइलीही नसल्यामुळे डेबियनवर खरा प्रयोग केला असता तरी तो फसलाच असता, हे कबूल करायला हवं. मात्र वहीत कारण कळलं असतं. ‘नाही’ या एका शब्दात दोन निराळ्या गोष्टी लपल्या होत्या: यंत्राला येत नाही, आणि यंत्राला येतं पण आम्ही विचारलं त्या रीतीनं त्याला सांगता आलं नाही. शिक्षकांपैकी एक बाई इथे हसल्या. चाचणीत शून्य मिळवणाऱ्या पोराला घरच्या दुकानात तोंडी हिशेब करताना त्यांनी पाहिलं होतं.

पुणेकरांना तुकडे पडलेली मराठी काही नवीन नाही. सी-डॅक ही संस्था १९८८ मध्ये पुण्यात उभी राहिली आणि भारतीय लिपींचं तंत्र कानपूरहून तिच्याकडे आलं. भारतीय लिप्यांच्या सांकेतिक खुणांचं इस्की हे प्रमाण १९९१ मध्ये ठरलं. तरी त्या दशकात प्रत्यक्ष छपाईत चलती होती ती ज्याच्या त्याच्या टंकांची. वेलांटीला अमुक क्रमांक, अर्ध्या ‘य’ला तमुक, प्रत्येक कंपनीचा हिशेब वेगळा. त्या काळातल्या प्रश्नपत्रिकेची फाइल आज उघडावी तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. तिथे मजकूरच टंकाला बांधलेला होता. युनिकोड आल्यावर मजकूर मोकळा झाला. डेबियनवरच्या त्या मोडलेल्या ‘विद्यार्थी’मध्येही खुणा दहाच्या दहा शाबूत होत्या. बिघडलं होतं ते फक्त दिसणं. मुलांनी तीच फाइल दुसऱ्या यंत्रावर नेऊन उघडून याची खात्री करून घेतली.

खगोलशास्त्रात आमच्या ओळखीचं एक उदाहरण आहे. रेडिओ दुर्बिणींच्या नोंदींवर काम करणारी एआयपीएस ही प्रोग्रामांची जुडी अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ वेधशाळेत १९७८ मध्ये सुरू झाली. जुन्नर तालुक्यात खोडदला असलेल्या जीएमआरटीच्या नोंदींवरही तिनं पुष्कळ काम केलं आहे. तिच्यात ऑपरेटिंग सिस्टिमशी बोलणारे सगळे भाग वेगळे काढून त्यांची नावं ‘झेड’नं सुरू केली आहेत. नव्या सिस्टिमवर जायचं तर फक्त ‘झेड’वाले भाग बघायचे. कुठे काय गृहीत धरलं आहे ते नावावरूनच कळतं. ईमॅक्सच्या सोर्स कोडमध्ये ‘हे असेल तर असं, नसेल तर तसं’ अशा अटी जागोजाग विखुरलेल्या आहेत, आणि वाचणाऱ्याची दमछाक होते.

आणि काही गृहीतं अशी असतात की त्यांची चाचणीच घेता येत नाही. ईमॅक्सचा मोठा भाग लिस्प भाषेत आहे. तो दर वेळी नव्यानं वाचत बसलं तर सुरू व्हायला फार वेळ लागे. म्हणून जुन्या मंडळींनी एक अचाट युक्ती केली. सगळं लिस्प एकदा वाचून झालं की चालू प्रोग्रामची स्मृती जशीच्या तशी एका फाइलीत उतरवायची आणि तीच नवा प्रोग्राम म्हणून वापरायची. पण प्रोग्रामच्या फाइलीची ठेवण प्रत्येक सिस्टिमवर निराळी, म्हणून या युक्तीच्या निरनिराळ्या प्रती ठेवाव्या लागत. शिवाय स्मृतीची वाटणी करणारी सिस्टिमची लायब्ररी आतून कशी चालते, यावरही ही युक्ती अवलंबून होती. लिनक्सवरची ती लायब्ररी सांभाळणाऱ्यांनी २०१६ मध्ये आतली ती सोय काढायचं ठरवलं आणि धावपळ उडाली. अखेर २०२० च्या आवृत्तीत स्मृती साठवण्याची नवी, सिस्टिमच्या पोटात न शिरणारी पद्धत आली. तीस-पस्तीस वर्षं चाललेली युक्ती चुकीची नव्हती. ती दुसऱ्याच्या घरातल्या भिंतीला टेकून उभी होती, इतकंच.

फोनवर तर प्रयोगाची वाटच बंद होते. २०२५ च्या फेब्रुवारीत आलेल्या तिसाव्या आवृत्तीपासून ईमॅक्स अँड्रॉइडवर चालतो. तो बांधायचा मात्र साध्या संगणकावर, अँड्रॉइडच्या कंपायलरनं. कॉन्फिगर तिथे दोनदा चालतो, एकदा बांधणाऱ्या यंत्रासाठी आणि एकदा फोनसाठी. फोनसाठी छोटा प्रोग्राम कंपाइल करता येतो, चालवून बघता येत नाही. मग ‘हे फंक्शन नीट वागतं का’ या प्रश्नाला अंदाजानं किंवा आधी लिहून ठेवलेल्या उत्तरानं भागवावं लागतं. चाळीस वर्षांपूर्वीच्या ‘एस’ आणि ‘एम’ फाइलींची इथे आठवण होते.

ज्या शाळेत लिनक्सचं एखादं यंत्र असेल तिथे एवढं करता येईल: पूर्ण एडिटर बांधायची गरज नाही, नुसता कॉन्फिगर चालवायचा आणि प्रयोगवही मुलांपुढे ठेवायची. ‘नाही’ आलेले पाच प्रश्न निवडायला सांगायचे आणि प्रत्येकापुढे लिहायला लावायचं की इथे खरा प्रयोग झाला की नुसता दाखला बघितला. सी भाषा आली नाही तरी हे जमतं. आमच्याकडे अकरावीच्या मुलांना तासाभरात जमलं.

त्या दिवशी आम्ही डेबियनवर हार्फबझचा दुसरा गठ्ठा बसवला आणि कॉन्फिगर पुन्हा चालवला. या वेळी चहाला कुणी गेलं नाही. गोषवाऱ्यात हार्फबझपुढे ‘हो’ आलं, वीसेक मिनिटांत एडिटर तयार झाला आणि ‘विद्यार्थी’तली वेलांटी ‘व’च्या पुढे जाऊन उभी राहिली. ती मुलगी मात्र पडद्याकडे बघत नव्हती. गोषवाऱ्यातल्या उरलेल्या ‘नाही’च्या ओळी ती वहीत उतरवून घेत होती. अकरा झाल्या होत्या.